चालू ठेवलेलं इंजिन

भावाचा फोन आला तेव्हा मी घुग्घुसच्या वर्कशॉपात एका डंपरखाली उताणा पडलो होतो. कामाच्या वेळी फोन करायचा नाही हे मी त्याला हजारदा बजावलेलं. तरी त्याने केला, मी उचलला नाही म्हणून पुन्हा केला, आणि शेवटी हात फडक्याला पुसून मी तो कानाला लावला.

"बाबू, ट्रॅक्टरचा लाल दिवा लागून राह्यला," तो म्हणाला. "ऑइलचा."

"मंग पहिले बंद कर. बंद कर, अन् मंग बोल."

त्याच्यामागून इंजिनाचा मंद, एकसुरी आवाज येत होता.

"ऐकू येऊन राह्यलं का तुले? बंद कर म्हनलं न!"

"बंद नाई करू शकत," तो म्हणाला. "बाया धानाच्या बांधीत हायेत."

मी त्याच्यावर खेकसलो. ऑइलचं प्रेशर गेलेलं इंजिन चालू ठेवलं तर आत लोखंडावर लोखंड घासतं, हे कुठल्याही ड्रायव्हरला कळतं आणि भाऊ तर वर्षानुवर्षं ट्रॅक्टर चालवत होता. मी तोंडाला येईल ते बोललो. तो सगळं ऐकून घेत होता आणि मागे इंजिन चालूच होतं. फोन ठेवला आणि मग मला त्याचं बोलणं समजलं. मी सुट्टी टाकली आणि दुसऱ्या दिवशी गावाला निघालो.

आमचं गाव मुलचेऱ्याच्या पलीकडे आहे. गावाच्या तीन बाजूंना जंगल, आणि आमच्या धानाच्या बांध्या एकीला एक लागून त्या जंगलात शिरत गेलेल्या. सगळ्यात आतल्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे कडेच्या बांधावरून, हात लांब केला तर सागाचं पान हाताला लागावं. गेल्या वर्षी कापणीत माझी वहिनी त्या आतल्या बांधीत गेली. वाघाने नेली.

भाऊ त्या दिवशी तिथेच होता. भारे वाहायला त्याने ट्रॅक्टर आणि ट्रॉली आणली होती. दुपारी त्याने इंजिन बंद केलं, ट्रॉलीच्या सावलीत बसला आणि डबा उघडला. "तुमी खाऊन घ्या, एवढी पात होऊ द्या माझी," असं ती त्याला म्हणाली आणि पुन्हा वाकली. कोणीही काही ऐकलं नाही. तिच्या शेजारच्या पातीतल्या बाईने मान वर केली तर तिथे फक्त इळा पडलेला होता.

नंतर लोक नाना गोष्टी बोलले. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं म्हणाले, तिकडे एकटी का गेली म्हणाले. भाऊ एकच गोष्ट बोलत होता. पंचनामा करायला आलेल्या वनविभागाच्या माणसांना त्याने तेच सांगितलं, भेटायला आलेल्या बायांना तेच, मलाही तेच. "मी गाडी बंद केली." गाडी चालू असती तर वाघ आवाजाने जवळ आला नसता, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं, आणि ते काढायला कोणी धजावलं नाही. मीसुद्धा नाही. काढून त्या जागी ठेवणार काय?

मी पोचलो त्या सकाळी ट्रॅक्टर अंगणात उभा होता. जुना, तीन सिलिंडरचा, बोनेटचा रंग उन्हाने पार उडालेला. मी आधी सोपं पाहिलं. ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलं होतं.

"पाह्य," भाऊ म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात थोडा जीव आला. "एक थेंब ऑइल पीत नाई आपली गाडी. उलटं वाढून राह्यलं. साऱ्या गावाले नवल वाटते."

त्याचं खरं होतं. आमच्याकडे ट्रॅक्टर ऑइल पीत नसेल तर तो निरोगी, असंच समजतात. मी दोन बोटांत ऑइल चोळलं. चिकटपणा नव्हताच. नाकाशी नेलं तर डिझेलचा भपका.

"ऑइल वाढत नसते, भाऊ," मी म्हणालो. "त्यात डिझेल मिसळून राह्यलं. पातळ झालं म्हणून प्रेशर नाई धरत."

त्याने पट्टी माझ्या हातातून घेऊन परत जागेवर बसवली. मला माझाच राग आला. जरा वेगळं बोलता आलं असतं. पण मी असाच आहे, आधी बोलतो आणि मग चडफडत बसतो.

दिवा खरं सांगतो की नाही, ते आधी पाहायचं होतं. ऑइलचं प्रेशर पाहून दिवा लावणारं इंजिनावरचं बटण काढून त्या जागी मी वर्कशॉपातून आणलेला मीटर बसवला. इंजिन थंड असताना काटा बऱ्यापैकी वर चढला. तापल्यावर खाली आला आणि रेस कमी केली तसा पार तळाला जाऊन बसला. म्हणजे दिवा खोटा नव्हता. मी जुनं ऑइल काढलं, ते टोपात पाण्यासारखं ओतलं गेलं. मुलचेऱ्याच्या बंगाली दुकानदाराकडून नवं ऑइल आणि फिल्टर आणून टाकला. काटा सुधारला. तापल्यावरही तग धरून राहिला.

पण डिझेल कुठून येतंय ते सापडलं नव्हतं. ते सापडल्याशिवाय नवं ऑइलही चार दिवसांत पातळ झालं असतं. मी डिझेल चढवणारा छोटा पंप खोलून पाहिला. त्याचा पडदा शाबूत होता. मोठ्या पंपाच्या सीलमध्येही गळती नव्हती. तीन नोझल काढून तपासले तर एक फवाऱ्याऐवजी थेंब टाकत होता, तोंडावर काजळीचा थर. तो मी साफ केला. तरी समाधान होईना. एका नोझलने एवढं डिझेल येत नाही, आणि ओझं ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या नोझलवर एवढी काजळी चढत नाही.

"तू गाडी चालवते तरी कशी?" मी विचारलं.

"जशी चालवतो तशी," भाऊ म्हणाला आणि नळाखाली हात धुवायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर शेतावर गेलो. कापणीच्या बाया रस्त्यावर उभ्या होत्या, हातात इळे, डोक्याला फडकी, पण एकीनेही धुरा ओलांडला नव्हता. भावाने ट्रॅक्टर जंगलाच्या बाजूच्या कोपऱ्यात नेला, न्यूट्रल केला, हातरेस अगदी खाली ओढून ठेवली आणि सीटवरच जंगलाकडे तोंड करून बसला. इंजिन हळू हळू गुरगुरत राहिलं. मग बाया खाली उतरल्या, वाकल्या आणि पाती धरल्या.

दिवसभर तसंच चाललं. ट्रॅक्टर जागचा हलला नाही. भारे न्यायला तो नव्हताच, ते संध्याकाळी बैलगाडीने नेत होते. दुपारी बाया जेवायला बसल्या तेव्हाही इंजिन चालू आणि भाऊ सीटवर. डबा त्याने उघडला नाही. मी बोनेटवर हात ठेवला तर ते कोमट होतं, चुलीवरून उतरवून बराच वेळ झालेल्या भांड्यासारखं.

तेव्हा माझ्या सगळं लक्षात आलं. इंजिनाला काम हवं असतं. नुसतं उभं राहून धुगधुगत ठेवलं तर ते पुरतं तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि न जळलेलं डिझेल रिंगांच्या फटीतून झिरपून खाली ऑइलात उतरतं. नोझलवर काजळी धरते, तो थेंब टाकायला लागतो, मग आणखी डिझेल झिरपतं. वर कमी रेसमध्ये ऑइलचा पंपही मंद फिरतो. पातळ ऑइल आणि मंद पंप. नांगरणी, चिखलणी, वाहतूक, सगळं करून जो ट्रॅक्टर टिकला तो एका जागी उभा राहून झिजत होता. कापणीत, निंदणीत, रोवणीत, गेलं वर्षभर माणसं बांधीत असतील तेव्हा तो असाच चालू होता, आणि आमचं बघून आता आजूबाजूच्या बांध्यांतल्या बायाही त्याच आवाजाच्या भरवशावर काम करत होत्या. एवढ्याशा आवाजाला अख्खं गाव टेकलं होतं.

मी पाणी प्यायला धुऱ्यावर गेलो. तिथे शेजारच्या काकू होत्या. बायांच्या टोळीत सगळ्यात वयस्क त्याच, त्यांनी पात धरल्याशिवाय बाकीच्या सुरुवात करत नाहीत. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"गाडी दुरुस्त होईन का रे?"

"पाह्यतो," मी म्हणालो.

"तुले एक सांगतो. तुझ्या भावाले नको सांगू." त्यांनी मागे वळून ट्रॅक्टरकडे पाहिलं. "मागच्या हप्त्यात आला होता थो, वाघ. त्या पलीकडच्या धुऱ्यावरून गेला. सावकाश. गाडी चालूच होती. त्याने गाडीकडे मान पन नाई वळवली."

मी पलीकडच्या धुऱ्याकडे पाहिलं. "कोनी पाह्यलं आणखी?"

"मीच पाह्यलं. बाकीच्या वाकल्या होत्या."

"अन् तुमी बोल्ल्या नाई?"

"बोलून काय करू? बाया उद्या येनार नाई. धान उभंच राहीन." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "अन् त्या पोराले काय सांगू? का तू बायको मेल्यापासून जे करून राह्यला थे फुकट हाये?"

मला राग आला. वाघावर आला, काकूंवर आला, सीटवर दगडासारख्या बसलेल्या भावावर आला. काकूंवर तर फार आला, कारण त्या बरोबर बोलत होत्या. बांधी टाकून दिली असती तर घरात वर्षभर शिजवायला काही उरलं नसतं. त्या उठून पुन्हा पातीला गेल्या आणि इतर बायांसारख्याच वाकल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर मी भावाला ट्रॅक्टरचं सगळं सांगितलं. वाघाचं सांगितलं नाही.

"असं उभं ठेवूनच इंजिन खराब होऊन राह्यलं. बंद ठेवत जा."

"बंद केली तवाच झालं न," तो म्हणाला.

"अरे, पन इंजिनच गेलं तं आवाज कुठून येईन?"

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "राहू दे न बाबू. काऊन त्याच्या मागे लागतं?"

शेवटी मीच माघार घेतली. उभा ठेवायचाच असेल तर रेस वाढवून ठेव, म्हणालो, निदान इंजिन तापेल, पंपही जोरात फिरेल. त्याने ते मुकाट्याने मान्य केलं. डिझेल जास्त लागेल, याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी वाढवलेल्या रेसमध्ये दुपारपर्यंत ट्रॅक्टर चालला. मी मीटरजवळच उभा होतो. काटा सकाळी बरा होता, मग खाली आला, थांबला, पुन्हा खाली आला. नंतर इंजिनाच्या पोटातून एक आवाज यायला लागला, जाड लाकडावर हातोडा हाणल्यासारखा. वर्कशॉपात असा आवाज आला की आम्ही हातातलं काम टाकून पळतो. मी भावाकडे पाहिलं. त्यालाही तो ऐकू येत होता. पण तो जंगलाकडेच पाहत राहिला.

"भाऊ, बंद कर."

"बाया वाकल्या हायेत."

"बंद कर, नाई तं क्रँक तुटून बाहेर येईन!"

त्याने हात हलवला नाही. मग मी पुढे होऊन बंद करायची दांडी ओढली.

इंजिन थांबलं. बांधीतल्या सगळ्या बाया एकदम ताठ उभ्या राहिल्या. कोणीही ओरडलं नाही. मूठभर कापलेलं धान हातात तसंच धरून त्या आधी ट्रॅक्टरकडे, मग जंगलाकडे पाहू लागल्या, आणि मग भराभर चालत, जवळजवळ पळत, धुरा चढून रस्त्यावर गेल्या. भाऊ खाली उतरला आणि माझ्याकडे पाहायला लागला. त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त पाहत होता. गेल्या वर्षभरात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही तो रडला नाही.

बैल लावून ट्रॅक्टर घरी ओढून आणला. गावात दुसरा ट्रॅक्टर नाही. मी खालचा चेंबर खोलला. आतली जाळी साफ होती, प्रेशरच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग ठीक होती, पंपही चांगला. या तिघांपैकी एकात तरी दोष निघावा अशी मी मनापासून आशा धरली होती, कारण तिन्ही गोष्टी मला अंगणात बसून दुरुस्त करता आल्या असत्या. मग मधल्या सिलिंडरच्या बेरिंगची टोपी काढली. बेरिंगचा करडा थर पार गेला होता आणि खालचं तांबं चमकत होतं. क्रँकवर नख फिरवलं तर ते चरांत अडकलं. बाकीची दोन काढली, तीही तशीच.

"किती वेळ लागन?" भावाने विचारलं. तो माझ्यामागे उकिडवा बसला होता.

"क्रँक चंद्रपूरले न्या लागते. घासून, नवीन बेरिंग टाकून. कापनीच्या आत नाई होत."

तो उठून गोठ्यात गेला आणि बराच वेळ आला नाही. माय त्याला पाहायला गेली आणि एकटीच परत आली. "बैलापाशी बसला हाये," एवढंच ती म्हणाली.

धान थांबत नाही. पिकून वाकलं होतं, लोंब्यांतून दाणा जमिनीवर झडायला लागला होता. एक दिवस कोणी शेताकडे फिरकलं नाही. त्यानंतरच्या सकाळी काकू इळा घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे टोळीतल्या निम्म्याअधिक बाया. काकू "चाला," म्हणाल्या, "झडून राह्यलं." भाऊ अंगणात आला, बायांकडे पाहिलं, आणि घरात जाऊन एक पत्र्याचं पिंप आणि जाड दांडका घेऊन आला.

जिथे ट्रॅक्टर उभा राहायचा तिथे त्याने पिंप उपडं ठेवलं आणि बडवायला सुरुवात केली. बाया उतरल्या. मीही इळा घेऊन उतरलो, जंगलाच्या बाजूची पात मागून घेतली. कापायची सवय सुटलेली, कंबर मोडत होती, आणि पाठीमागे तो पत्र्याचा आवाज चालू होता, एकसारखा, न थकता. मधूनच तो ओरडायचा. शब्द काही नव्हते, नुसतीच आरोळी. त्याचा आवाज ऐकून माझा इळा थांबायचा, कारण तो वाघाला हाकलत नव्हता. गेल्या वर्षीच्या त्या दुपारी जे ओरडायचं राहिलं ते तो आता ओरडत होता.

दुपारी सगळ्या रस्त्यावर जेवायला बसल्या. मी भाकर घेऊन त्याच्याकडे गेलो.

"दे मले दांडका. मी वाजवतो, तू खाऊन घे."

"नाई."

"अरे, सगळ्या बाया वर हायेत. खाली कोनीच नाई."

"नाई म्हनलं न," तो म्हणाला, आणि दांडका दुसऱ्या हातात घेऊन बडवत राहिला. मी भाकर धुऱ्यावर ठेवली. मुंग्या लागल्या तिला.

ऊन कललं तेव्हा आमच्या बाजूच्या बांध्या कापून झाल्या होत्या. कापलेल्या धानाचा कडपा सगळीकडे पडला होता. उरली होती फक्त शेवटची, जंगलात घुसलेली, वहिनीची. तिच्याकडे रोवणीनंतर कोणी बोटही दाखवलं नव्हतं. यंदाही ती पाखरांना सोडायची, असं बायांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं. सगळ्या रस्त्यावर चढल्या, इळे पुसायला लागल्या. भाऊ पिंप खांद्यावर घेऊन आला. त्याची मनगटं सुजली होती, तळहातांवरचे फोड फुटले होते आणि घसा इतका बसला होता की शब्द नीट निघेना.

"बाबू," तो म्हणाला, "तू मशीनवाला हायेस. तुले समजते. हा आवाज गाडीएवढा जाते का अंदर? पुरते का?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या इळा फडक्यात गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होता. लहानपणी जत्रेत हरवून सापडला तेव्हा तो बाबांकडे असंच पाहत होता, असं माय सांगते.

"पुरते," मी म्हणालो. "गाडीपेक्षा जास्त जाते."

त्याने पिंप खाली ठेवलं आणि त्या बसलेल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जोर लावून तो बायांना म्हणाला, "मंग उद्या अंदरची बांधी घेऊ."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी 'पुरते' म्हणालो होतो म्हणून, काकू सोडून सगळ्यांनी माना डोलावल्या.